पडद्याची उलटी बाजू

साल १९४९. हुरड्याचे दिवस. तुम्ही मंद्रूपमध्ये आहात आणि खिशात चार आणे आहेत. विजापूरकडे जाणारी मोटार तुम्हाला सोडून धूळ उडवत पुढं निघून गेली. दोन्ही बाजूंना काळी जमीन, त्यात पुरुषभर वाढलेला शाळू. उत्तरेला सीना, दक्षिणेला भीमा. मधल्या या पट्ट्यात माणसं एक वाक्य मराठीत सुरू करतात आणि कानडीत संपवतात.

गावाबाहेरच्या माळावर तंबू लागलाय. दुपारभर एक बैलगाडी रंगीत पाटी बांधून, हलगी वाजवत गल्लीबोळांतून फिरली. ओरडणारा पोरगा प्रत्येक घोषणा दोन्ही भाषांत करत होता, म्हणजे कुणाला आपण वगळलो असं वाटू नये. आता अंधार पडलाय. भोंग्यावर गाणी लागली आहेत, तंबूमागं इंजिन धडधडतंय, रॉकेलचा आणि शेंगांच्या टरफलांचा वास एकमेकांत मिसळलाय. तिकीट काढा आणि आत शिरा. डावीकडं बाया, उजवीकडं बाप्ये, मधे सुतळीवर टाकलेलं पटकूर. खाली माती. ज्यानं घरून पोतं आणलं तो शहाणा.

"कुठनं आलाव?" शेजारचा मुंडासंवाला म्हातारा विचारतो. सोलापूरहून, असं सांगा. पुढच्या शतकातून आलो म्हणालात तर तो सरकून जागा देणार नाही.

चित्र राजकमलचं आहे, 'लोकशाहीर राम जोशी'. मुंबईत ते १९४७ साली लागलं, तंबूतंबूंतून मजल मारत इथवर यायला वेळ लागायचाच. राम जोशी हा सोलापूरचाच माणूस, म्हणजे इथून बैलगाडीनं एका रात्रीच्या अंतरावरचा. त्यामुळं हा प्रेक्षक गोष्ट बघायला आलेला नाही, भावकीतल्या माणसाला भेटायला आलाय. राम जोशी झालेल्या जयराम शिलेदारांनी तोंड उघडलं की मागून दाद येते. पण तंबू खरा हलतो तो बया आल्यावर. बयेच्या भूमिकेतली हंसा वाडकर ठेक्यावर पाय टाकते आणि पडद्यावर पैसे पडायला लागतात. खळ्ळ, खळ्ळ. तंबूवाल्याचा पोरगा रांगत जाऊन ते गोळा करतो. त्यातली एक दिडकीही परळच्या स्टुडिओपर्यंत पोचणार नाही आणि बयेपर्यंत तर नाहीच नाही.

"खरी तमासगिरीणच हाय ती," पटकुराच्या पलीकडून एक आजी ठामपणे सांगते. "अशी चाल काय शिकवून येतीया व्हय?" कानडीत कुणीतरी दुजोरा देतं. दोघींच्या आवाजात तिरस्कार नाही, उलट कौतुकच आहे. पण निकाल लागून गेला. पडद्यावरची बाई पोरवयापासून स्टुडिओच्या दिव्यांखाली राबलेली. फडात नाचून तिनं कधी पोट भरलेलं नाही. हे तुम्हाला माहीत आहे, त्या आजीला नाही, आणि तुम्ही सांगितलंत तर ती तुम्हालाच खोटं पाडेल.

नाव झालेल्या माणसाविषयी लोकांकडं एकच वाक्य असतं, असं माझं मत आहे. कधी कौतुकाचं, कधी कुचकं. त्या माणसानं पुढं काहीही केलं तरी ते वाक्य बदलत नाही. गरिबी, आजार, मत्सर हे प्रसिद्धीचे नेहमीचे तोटे नंतर येतात. आधी येतं ते हे वाक्य.

रीळ बदलायला दिवे लागलेत. उठा आणि पडद्याच्या मागं जा. तिथंही माणसं बसली आहेत, त्यांना सगळं उलटं दिसतं. शाहीर डाव्या हातानं डफ वाजवतो, पाट्यांवरची अक्षरं वाचता येत नाहीत, पण त्याची तक्रार कुणी करत नाही. तिथून आणखी एक पाऊल मागं टाका.

तुमच्या पायाखाली आता सोलापूर आहे, पण गिरण्या नसलेलं. भुईकोट किल्ला आहे, सिद्धेश्वराचं तळं आहे, आणि पुण्यात पेशवे आहेत. अठरावं शतक उतरणीला लागलंय. एका वेदशास्त्री ब्राह्मणाच्या घरातून मोठ्यानं बोलणं ऐकू येतं. थोरला भाऊ मुद्गल जोशी धाकट्याला घराबाहेर काढतोय. धाकटा रात्री-अपरात्री धोंडी शाहिराच्या फडात सापडतो, तिथं लावण्या रचतो, आणि वाईट हे की त्या चांगल्या रचतो. वाईट रचल्या असत्या तर एव्हाना गावानं सोडून दिलं असतं. पोर बिघडलंय, सुधारेल, एवढंच म्हणाले असते. पण लोकांनी त्याची कवनं उचलली, आणि जोशांच्या घराची चर्चा चावडीवर गेली.

परंपरेनं सांगितलेली गोष्ट अशी की राम तिथून पंढरपूरला गेला, बाबा पाध्यांपाशी बसून संस्कृत शिकला आणि पंडित होऊन परतला. मग कीर्तनं केली. मोरोपंतांच्या आर्या त्यानं घरोघर पोचवल्या. आता त्या कीर्तनाला बसा. माणसं दाटीवाटीनं बसली आहेत, समया तेवतायत, पूर्वरंग रंगात आलाय. आणि तुमच्या पुढचे दोघे एकमेकांच्या कानाला लागतात. हाच तो, तमाशातला. पुढं कधी त्याच्या फडात जाऊन बसलात तर तिथंही दोघे कुजबुजताना दिसतील. हाच तो, भटाचा.

त्याला लपायचीही सोय नाही. लावणीच्या शेवटी 'कविराय' ही आपली नाममुद्रा तो स्वतःच घालून ठेवतो. दुसऱ्या बाजीरावाच्या पुण्यात त्याला मान मिळाला, पैसाही मिळाला, तो पैसा हातात टिकला नाही असं सांगतात. मागं राहिल्या लावण्या, आणि त्याच्याविषयी लोकांनी रचलेल्या गोष्टी. खरं किती आणि रंगवलेलं किती हे निवडायला नंतरच्या अभ्यासकांना पिढ्या लागल्या. स्वतः राम जोशाला त्यातलं एकही अक्षर खोडता आलं नाही.

इथं जास्त थांबू नका. शाहिराला निदान फड तरी स्वतःच्या मर्जीनं गाठता आला. ज्या बाईच्या पायांवर आपण मघाशी पैसे फेकले, तिचं तसं नव्हतं.

मुंबई, १९३६. तेरा वर्षांच्या आसपासची एक मुलगी 'विजयाची लग्ने' या चित्रात उभी आहे. घरचं नाव रतन, आडनाव साळगावकर. ते नाव घरी राहिलं आणि पडद्यावर गेलं ते हंसा वाडकर. घरात चूल पेटते ती हिच्या कमाईवर, म्हणून ती जाते. हौस नंतर आली. लवकरच लग्न होईल, जगन्नाथ बंदरकरांशी, आणि तिला वाटेल की आता घर, मुलं, संपलं हे सगळं. ते संपणार नाही. चालणारं नाव कुणी घरात बसवून ठेवत नाही. करार होत राहतील, आणि संध्याकाळी ती परतली की कुठं होतीस, कुणाबरोबर होतीस, हे प्रश्नही होत राहतील. तिच्या कमाईवर हक्क सांगणारा आणि तिच्या कामावर संशय घेणारा माणूस एकच. याच वर्षांत प्रभातच्या 'संत सखू'त लोक तिला हात जोडतील. सखूचा छळ बघून बाया डोळे पुसतील. तिच्या स्वतःच्या घरात काय चाललंय हे विचारायचं मात्र कुणाला सुचणार नाही.

याच मुंबईत आणखी मागं गेलात तर १२ मार्च १९११ ची रात्र लागते. 'मानापमान'चा पहिला प्रयोग, नारायणराव राजहंस म्हणजे बालगंधर्व भामिनी होऊन उभे आहेत, आणि त्याच दिवशी त्यांची मुलगी गेली आहे. प्रयोग झाला. मराठी माणूस ही गोष्ट आजही अभिमानानं सांगतो. मला ती ऐकताना दर वेळी त्या रात्रीच्या प्रेक्षकांचा राग येतो. त्यांचा काही दोष नव्हता हे कळूनही येतो.

आता मराठवाड्यात या. गावाचं नाव विचारू नका. वाडा आहे, दिंडी दरवाजा आहे, आत चौक आहे. घरातलं भांडण असह्य होऊन हंसा वाडकर एका ओळखीच्या माणसाबरोबर निघून आली, आणि इथं पोचल्यावर तिला कळलं की याच्या घरी आधीच बायका आहेत. ती तिसरी. दिवसाउजेडी बाहेर पडायचं नाही. असे महिने गेले, मग वर्षं. सुमारे तीन वर्षं.

चौकात उभे राहा आणि नीट बघा, कारण सगळा पीळ इथं आहे. वाड्याच्या भिंतीपलीकडं जी माणसं आहेत त्यांनी तिला पाहिलंय. कुणी जत्रेत, कुणी तालुक्याला, बाजाराच्या दिवशी. तिचे पाय, तिचे डोळे, मान वेळावण्याची तऱ्हा, सगळं पाठ. एवढ्या माणसांना जिचा चेहरा ठाऊक, ती इथं कोंडली गेली तरी गाव हलत नाही. आपण समजतो की प्रसिद्ध माणसाभोवती हजार डोळे असतात, म्हणजे त्याला काही झालं तर हजारजण धावतील. त्या हजारांना काळजी होती ती पुढचं चित्र कधी येतंय याची. शेवटी सुटका झाली ती तिनं ज्याला सोडलं होतं त्याच नवऱ्याला चिठ्ठी लिहून. तोच पोलिस घेऊन आला. नाव सगळ्या महाराष्ट्रात झालेलं आणि संकटात हाक मारायला माणूस एकच, तोही तो.

मंद्रूपला परत या. मधे वर्षं उलटली आहेत. माळावर पुन्हा तंबू आहे, या वेळी अनंत मान्यांचं 'सांगत्ये ऐका'. १९५९ चं चित्र. पुण्यात विजयानंदला ते शंभराहून जास्त आठवडे चाललं. हंसा वाडकर पुन्हा तमासगिरीण झाली आहे. तंबू शिट्ट्यांनी फाटायला आलाय. एकजण मागून ओरडतो, "आली बघ आपली बया!" 'राम जोशी' आणि या चित्रात बारा वर्षं गेली. मधे तिनं काय काय भोगलं याची तंबूला गंधवार्ता नाही. त्यांच्या लेखी ती राम जोशाच्या फडातून सरळ इथं आली. माझा त्या माणसावर राग नाही. त्यानं दिवसभर शाळू राखला, पाखरं हाकलली, आणि तिकिटाला पैसे मोजले. पण 'आपली' हा शब्द त्यानं किती सहज उच्चारला हे मात्र ऐकून ठेवा.

एकदाच ही बाई स्वतः सांगायला बसली. अरुण साधूंनी शब्दांकन केलं, 'माणूस' साप्ताहिकात ते छापून आलं आणि १९७० साली पुस्तक झालं. नाव 'सांगत्ये ऐका'. म्हणजे आयुष्य स्वतःच्या तोंडानं सांगायलाही चित्रपटाचंच नाव घ्यावं लागलं. तिनं दारू लपवली नाही, पुरुष लपवले नाहीत, गेलेली मुलं लपवली नाहीत. तेव्हाच्या मराठी घरांत अशी पुस्तकं उशीखाली ठेवून वाचली जायची. पुढं १९७७ मध्ये श्याम बेनेगल त्यावरून 'भूमिका' करतील, स्मिता पाटीलला राष्ट्रीय पुरस्कार मिळेल. हंसाबाई ते बघायला नसतील. २३ ऑगस्ट १९७१ ला त्या गेल्या, पन्नाशीही गाठली नव्हती.

तुमचा शेवटचा मुक्काम त्याच वर्षीच्या दिवाळीनंतरचा, मंद्रूपच्या वाचनालयात. एक टेबल, दोन बाकं, कपाटाला कुलूप. बाकावर बसून एक मास्तर तेच पुस्तक चाळतायत. सुरुवातीची पानं कोरीच्या कोरी आहेत, मधली काही मात्र बोटांनी मळून काळपट झाली आहेत. पुस्तक आपोआप तिथंच उघडतं.

"ते मराठवाड्याचं यातच हाय न्हवं?" दारातून एक पोरगा विचारतो.

"तुझ्या वयाला न्हाई ते," मास्तर पान न उलटता म्हणतात.

तुम्ही हात पुढं करता. मास्तर नाइलाजानं पुस्तक देतात, आणि ते तुमच्या हातातही त्याच जागी उघडतं. पहिल्या पानाकडं परत जायचं तुमच्या मनात आहे, पण डोळे खाली उतरायला लागलेत. ग्रंथपाल वही ओढतो, पेन शाईत बुडवतो.

"नाव सांगा. आठ दिवसांत परत आणायचं बघा, तुमच्यामागं सातजण नंबर लावून बसलेत."