एफएमचे पेटंट आणि आरसीए

आवाजानुसार रेडिओलहरीची उंची बदलण्याऐवजी तिची वारंवारता, म्हणजे सेकंदागणिक होणारी आवर्तने, बदलली तर खरखर जवळजवळ नाहीशी होते, हे अमेरिकन संशोधक एडविन आर्मस्ट्राँग यांनी दाखवून दिले आणि डिसेंबर १९३३ मध्ये त्यांना या ‘एफएम’ पद्धतीची पेटंटे मिळाली. आरसीए या बलाढ्य कंपनीने न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीवरून त्यांना चाचण्या करू दिल्या खऱ्या. परंतु १९३५ मध्ये, दूरचित्रवाणीच्या प्रयोगांसाठी जागा हवी म्हणून, यंत्रे हलवण्यास सांगितले. १९४० मध्ये पेटंटे वापरण्याच्या परवान्यासाठी तिने एकरकमी दहा लाख डॉलर देऊ केले, तेव्हा इतर उत्पादक विक्रीच्या प्रमाणात स्वामित्वशुल्क भरत असताना एकटीलाच सवलत कशाला, असे म्हणून आर्मस्ट्राँग यांनी ते नाकारले. तत्त्व म्हणून हे निर्दोष होते, व्यवहार म्हणून घातक.

१९४८ मध्ये त्यांनी आरसीए आणि तिची उपकंपनी एनबीसी यांच्यावर पेटंटभंगाचा दावा लावला. पेटंटाची मुदत त्या काळी सतरा वर्षांची, म्हणजे १९५० पर्यंतचीच असल्यामुळे विलंब कंपनीच्या पथ्यावर पडणारा होता, आणि तिच्या वकिलांनी केलेली उलटतपासणी प्रदीर्घ चालली. खर्च व एकाकीपणाने खचलेल्या आर्मस्ट्राँग यांनी १९५४ च्या प्रारंभी जीवन संपवले. त्याच वर्षी त्यांच्या पत्नी मॅरियन यांनी आरसीएशी सुमारे दहा लाख डॉलरवर तडजोड केली, मात्र पेटंटभंग करणाऱ्या इतर कंपन्यांशी लढा सोडला नाही. त्यांपैकी मोटोरोलाविरुद्धचा शेवटचा वाद १९६७ मध्ये त्यांच्या बाजूने निकाली निघाला.