पीचेकत्ती : कोडगूच्या कमरेची सुरी

कोडगू म्हटलं की आम्हा फौजी लोकांना आधी करिअप्पा आणि थिमय्या आठवतात. आज त्यांच्या मुलखातल्या सुरीबद्दल बोलू.

कोडव पुरुष काळा कुप्या घालतो, त्यावर लाल रेशमी चेले बांधतो आणि पुढे पीचेकत्ती खोचतो. पातं रुंद, एकधारी, साधारण वीतभर. मुठीला आणि लाकडी म्यानाला चांदीचं नक्षीकाम. म्यानाच्या साखळीला कानकोरणं, चिमटा असली बारीक अवजारंही लटकवलेली! जुन्या काही मुठी हस्तिदंताच्या. म्हणजे पातं लोहाराचं, चांदी सोनाराची. ओडीकत्ती वेगळी, ती जड, वाकडी, पाठीवरच्या तोडंगात अडकवायची. लग्नात केळीचे बुंधे तोडतात ते तिनेच.

1972च्या वन्यजीव कायद्यानं शिकार थांबली, पुढे हस्तिदंताचा व्यापारही बंद झाला. योग्यच झालं. पण शिकाऱ्याच्या सुरीला धार लागायची, लग्नापुरत्या सुरीला चकाकी पुरते. म्हणून मी पीचेकत्ती हातात घेतली की आधी पातं बघतो, चांदी नंतर. कैलपोळ्दच्या सणाला, सप्टेंबरच्या सुरुवातीस, घरोघरी बंदुकांशेजारी ती आजही पूजेला मांडतात.