ह्यूस्टनचं महापालिकेचं गोल्फ मैदान: एक फेरी खेळायची तर आधी काय बघायचं?

मुलगा किंवा लेक-जावई अमेरिकेत ह्यूस्टनला असतील आणि आई-वडील तिकडे गेले, तर एखाद्या सुट्टीला मेमोरियल पार्कच्या गोल्फ मैदानावर जाणं होऊ शकतं. गोल्फ म्हणजे बड्या लोकांच्या क्लबचा खेळ, असा आपल्याकडे समज. हे मैदान मात्र महापालिकेचं आहे. सभासद व्हावं लागत नाही. वेळ घ्यायची, फी भरायची आणि खेळायचं.

मैदान १९३६ सालचं. २०१९ मध्ये टॉम डोक यांनी ते नव्याने घडवलं, नामांकित खेळाडू ब्रूक्स केप्का सल्लागार होते. सुमारे ३ कोटी ४० लाख डॉलरचा खर्च अ‍ॅस्ट्रोस गोल्फ फाउंडेशनने उचलला. २०२० मध्ये ह्यूस्टन ओपन ही व्यावसायिकांची स्पर्धा इथे परत आली. म्हणजे वानखेडेवर गल्लीतल्या पोरांनी सामना लावावा, तसाच प्रकार! स्पर्धेच्या दिवसांत मात्र सर्वसामान्यांना खेळता येत नाही. हल्ली ती मार्चच्या सुमारास असते, तेव्हा तारखा आधी बघून घ्याव्यात.

खरी गोम फीमध्ये आहे. शहराच्या हद्दीत राहणाऱ्याला दर कमी, बाहेरच्याला बराच जास्त. शुगर लँड, केटी ही गावं ह्यूस्टनला लागून असली तरी ती वेगळी शहरं. "आम्ही ह्यूस्टनलाच राहतो" म्हणून भागत नाही, ओळखपत्रावरचा पत्ता बघतात. बुकिंग करतानाच कोणता दर लागणार ते विचारून घ्या.

फेरी १८ होलची. चौघांच्या गटाला चार ते पाच तास सहज लागतात आणि पायी आठ-दहा किलोमीटर चाल होते. गुडघे कुरकुरत असतील तर गाडी घ्यावी. नवख्याने व्यावसायिकांच्या मागच्या जागेवरून फटके मारायची हौस करू नये. पुढच्या टीवरून सुरुवात केली की अंतर कमी होतं. चेंडू हरवला तर शोधायला नियमाने तीनच मिनिटं. मागचा गट खोळंबला की लोक चिडतात.

डोक यांनी वाळूचे खड्डे मुद्दाम कमी ठेवलेत, सगळे मिळून वीसच्या आसपास. त्यामुळे मैदान सोपं वाटतं. पण हिरवळीला असे उतार आहेत की चेंडू भोकाजवळ जाऊन परत घरंगळत येतो. गवत बर्म्युडा, म्हणजे आपल्या हरळीच्याच जातकुळीतलं. इथे शेतकरी जी खणून खणून थकतो, ती तिथे खत-पाणी घालून जपतात!

जून ते सप्टेंबर दमट उकाडा असतो, पारा ३५ अंशांवर जातो. त्या दिवसांत सकाळची पहिली वेळ धरावी, टोपी आणि भरपूर पाणी सोबत ठेवावं. दुपारी ढग गडगडले तर खेळ तिथेच सोडून इमारतीत जायचं. झाडाखाली थांबायचं नाही, आणि हातात लोखंडी काठी धरून मोकळ्यावर तर मुळीच नाही.