कमांड लाइन साधनांच्या आउटपुट स्वरूपातील बदल

कमांड लाइन साधनाने छापलेल्या मजकुराची मांडणी नव्या आवृत्तीत बदलल्यामुळे त्या मजकुरावर विसंबलेली अन्य सॉफ्टवेअरे बंद पडणे किंवा चुकीचे निष्कर्ष देणे, ही संगणकशास्त्रातील एक परिचित समस्या आहे.

== पार्श्वभूमी ==
युनिक्स कार्यप्रणालीत १९७३ साली डग्लस मॅकिलरॉय यांच्या सूचनेवरून केन थॉम्पसन यांनी 'पाइप' ही सोय आणली. त्यामुळे एका साधनाचे आउटपुट दुसऱ्याचे इनपुट होऊ लागले. मात्र हा मजकूर मूलतः माणसाने वाचण्यासाठी असतो. वाचक शब्दांचा क्रम बदलला तरी अर्थ लावतो. ठराविक शब्द वा रकाना शोधणाऱ्या स्क्रिप्टला ते जमत नाही.

== उदाहरणे ==
* आयएफकॉन्फिग : जुन्या आउटपुटमध्ये आयपी पत्त्याआधी 'इनेट ॲडर:' असे शब्द असत, नव्यात केवळ 'इनेट' राहिले. डेबियन ९ (२०१७) मध्ये हे नवे स्वरूप आल्यावर जुने शब्द शोधणाऱ्या स्क्रिप्टना पत्ता सापडेनासा झाला.
* लिनक्स कर्नल : जुलै २०११ मध्ये आवृत्ती क्रमांक २.६ वरून ३.० झाला. '२.६' गृहीत धरणाऱ्या प्रोग्रामांसाठी जुन्या पद्धतीचा क्रमांक दाखवण्याची सोय कर्नलमध्ये करावी लागली.
* एलएस : जीएनयू कोअरयुटिल्स ८.२५ (२०१६) पासून रिकामी जागा असलेली फाइलनावे अवतरणचिन्हांत दिसू लागली. हा बदल केवळ टर्मिनलपुरता असून पाइपमधील आउटपुट पूर्ववत ठेवले गेले.

== परिणाम ==
स्क्रिप्ट त्रुटी दाखवून थांबल्यास दोष लवकर उमगतो. ती रिकामे वा भलतेच मूल्य घेऊन पुढे चालू राहिल्यास दोष दीर्घकाळ लपून राहतो व अधिक हानी होते.

== मराठी संदर्भ ==
आवृत्ती न बदलताही केवळ भाषेच्या निवडीने स्वरूप बदलू शकते. युनिकोडच्या सीएलडीआर या भाषिक माहितीकोशात मराठीसाठी देवनागरी अंक मूलनिर्धारित आहेत. त्यामुळे मराठी निवडल्यावर '2023' ऐवजी '२०२३' असे आउटपुट येऊ शकते व केवळ 0 ते 9 ओळखणारा प्रोग्राम अडखळतो.

स्थलनामांबाबतही हेच तत्त्व लागू होते. खुलताबाद तालुका ज्या जिल्ह्यात आहे, त्या औरंगाबाद जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले. जुन्या नावाची अक्षरे जुळवून नोंदी शोधणारा प्रोग्राम अशा वेळी निकामी ठरतो. सांकेतांक वापरणाऱ्यास बाधा पोहोचत नाही. केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाची स्थानिक शासन निर्देशिका प्रशासकीय घटकांना असे सांकेतांक देते.

== उपाय ==
* माणसासाठी व यंत्रासाठी स्वतंत्र आउटपुट ठेवणे. 'गिट स्टेटस' या आज्ञेच्या 'पोर्सेलिन' पर्यायाचे स्वरूप आवृत्ती वा वापरकर्त्याच्या मांडणीनुसार बदलणार नाही, अशी हमी तिच्या दस्तऐवजात आहे.
* जेसनसारखे संरचित स्वरूप वापरणे.
* स्क्रिप्ट चालवताना 'एलसी_ऑल=सी' अशी भाषा-मांडणी निश्चित करणे.
* अपेक्षित मजकूर न आढळल्यास स्क्रिप्टने त्रुटी दाखवून थांबणे.

== हेही पाहा ==
* युनिक्स
* युनिकोड
* देवनागरी अंक