जावाच्या इंजिनाचा शर्यती अवतार

धाराशिव जिल्ह्यातून नळदुर्ग-उमरग्यावरून हैदराबादेस जाणाऱ्या रस्त्यासारख्या मार्गांवर नित्याच्या रहदारीस योग्य अशी म्हैसूरनिर्मित जावा 250 मोटारसायकल मद्रासनजीकच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यतीतही उतरली. 65 मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरात 75 मिलिमीटर धाव घेणाऱ्या पिस्टनाच्या या टू-स्ट्रोक यंत्राचे पुनरुज्जीवन क्रँकची बेअरिंगे बदलून व सिलिंडर बोअर करून साधते. परंतु शर्यतीसाठी एक्झॉस्ट पोर्ट उंचावल्यास उच्च फेऱ्यांत शक्ती वाढते आणि मंदगतीतील बळ घटते. पूर्व जर्मनीच्या वाल्टर काडेन यांनी 1950च्या दशकात एक्झॉस्टमधील दाबलहरींचा उपयोग विकसित केल्यावर एक्झॉस्ट नळीचा आकारही शक्तिवर्धनाचे साधन ठरला. तात्पर्य, प्रथम बेअरिंगांची खातरजमा करावी. वेगाचा हव्यास मागाहून धरावा.