प्लूटोची सावली पृथ्वीवर पडते, तेव्हा शास्त्रज्ञ काय मोजतात?

६ जून २०२० रोजी प्लूटो एका दूरच्या ताऱ्यासमोरून सरकला. उत्तराखंडमधल्या देवस्थळ इथल्या दोन दुर्बिणी तेव्हा त्या ताऱ्यावर रोखलेल्या होत्या. त्यातल्या ३.६ मीटर व्यासाच्या दुर्बिणीवरचा इन्फ्रारेड कॅमेरा मुंबईच्या टीआयएफआरमध्ये तयार झालेला. या निरीक्षणावरच्या शोधनिबंधाच्या लेखकांमध्ये महाराष्ट्रातल्या आकाशमित्र मंडळाचे हौशी खगोलनिरीक्षकही होते.

पिधान म्हणजे काय?

चंद्रामागे रोहिणीचा तारा लपतो, त्याला आपण पिधान म्हणतो. चंद्राऐवजी एखादा लघुग्रह किंवा प्लूटोसारखा बटुग्रह आड आला, तरी तेच घडतं. तारा खूपच दूर असल्यामुळे पृथ्वीवर पडणारी सावली जवळपास त्या वस्तूएवढीच रुंद असते. ही सावली अनेकदा सेकंदाला २० किलोमीटरहून अधिक वेगाने धावते.

त्यातून काय कळतं?

तारा किती सेकंद गायब होता, याला सावलीच्या वेगाने गुणलं की वस्तूची त्या रेषेवरची लांबी मिळते. वेगवेगळ्या गावांतून केलेल्या अशा नोंदी एकत्र मांडल्या की तिचा आकार उलगडतो.

तारा एकदम न विझता हळूहळू मंदावला, तर तिथे वातावरण आहे असं समजतं. प्लूटोच्या वातावरणाची खात्री १९८८ मध्ये अशीच पटली. मुख्य पिधानाच्या आधी आणि नंतर तारा क्षणभर लुकलुकला, तर कडी असू शकतात. चारिक्लो या छोट्या वस्तूभोवतीची कडी २०१३ मध्ये अशीच सापडली.

सावली कुठे पडणार, हे आधी कसं कळतं?

त्यासाठी ताऱ्याची जागा आणि वस्तूची कक्षा, दोन्ही अचूक माहीत असावी लागतात. प्लूटोच्या अंतरावर एका अंशाच्या ३६ लाखाव्या भागाइतकी चूक झाली, तरी सावली सुमारे २५ किलोमीटर सरकते. युरोपच्या गाया यानाने ताऱ्यांच्या जागा फार अचूक मोजल्यामुळे हे अंदाज आता बरेच नेमके झाले आहेत.

२,३७७ किलोमीटर व्यासाच्या प्लूटोसाठी २५ किलोमीटरची चूक किरकोळ. पण अ‍ॅरोकोथची लांबी आहे जेमतेम ३६ किलोमीटर. तेवढ्या रुंदीची सावली खडकीवरून उत्तर-दक्षिण गेली, तर लोणावळ्यातून तारा जसाच्या तसा दिसत राहील. म्हणूनच निरीक्षक सावलीच्या वाटेवर आडवे, अंतरा-अंतरावर उभे राहतात. २०१७ मध्ये अर्जेंटिनात असंच करून अ‍ॅरोकोथचा आकार आधीच ओळखला गेला. न्यू होरायझन्स यान तिथे पोहोचलं ते १ जानेवारी २०१९ ला.

पुण्याचा संबंध काय?

खडकीजवळच्या पुणे विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र आहे. त्याचे संस्थापक गोविंद स्वरूप यांनी १९७० मध्ये उटीला उभी केलेली रेडिओ दुर्बीण मुळात पिधानासाठीच होती. चंद्राआड जाणाऱ्या रेडिओ स्रोतांचा आकार त्यातून मोजला जाई.

हे एवढं महत्त्वाचं का?

प्लूटो १९८९ पासून सूर्यापासून लांब चालला आहे. त्याची हवा गोठून खाली बसेल का, हा प्रश्न आहे. यान तिथून फक्त एकदाच, २०१५ मध्ये गेलं. त्यानंतर हवेच्या दाबावर लक्ष ठेवायचा मुख्य मार्ग म्हणजे पिधान. देवस्थळच्या नोंदींनुसार २०१५ पासून हा दाब साधारण स्थिर होता, पृथ्वीवरच्या दाबाच्या ८० हजाराव्या भागाहूनही थोडा कमी.

आपल्याला करता येईल?

उजळ ताऱ्यांसमोरून जाणाऱ्या लघुग्रहांची पिधानं छोट्या दुर्बिणीतूनही टिपता येतात. त्यासाठी व्हिडिओ कॅमेरा आणि जीपीएसवरून जुळवलेली अचूक वेळ हवी. तारा लपला नाही, तरी ती नोंद उपयोगाची असते. सावलीची कड कुठे संपली, हे त्यावरूनच ठरतं. ढग आले, तर मात्र इलाज नाही. तीच सावली पुन्हा पडत नाही.