ताण मोजायचा, पण कुणाचा?

हल्ली ऑफिसांत कामाचा ताण मोजायची टूम निघालीये. एक ते पाच गुण द्या, झोप लागते का ते सांगा, बेरीज झाली की ताण कळला! मोजायला हरकत नाहीच. पण मंडळी, मुंबईत ही मोजदाद जुनी आहे, आणि त्यात काय सुटलं तेही बघायला हवं.

१८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सुमारे साडेपाच हजार सह्या गोळा केल्या. मागण्या काय? आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती. रविवारची सुट्टी मिळायला १८९० उजाडलं. कामगारांनी आपला शीण तासांत मांडला होता.

१९२१ मध्ये सरकारचं लेबर ऑफिस सुरू झालं. त्यांनी कामगारांच्या घरखर्चाची पाहणी केली, तेव्हा ९७ टक्के कुटुंबं एकाच खोलीत राहताना आढळली. गिरण्यांतली गैरहजेरीही टक्क्यांत छापून येई. आकडे मोलाचेच. पण गैरहजेरीचा आकडा माणूस आला नाही एवढंच सांगतो. का आला नाही, ते सांगत नाही.

आता विणकाम खातं घ्या. तिथे पगार जास्त. पण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून सवर्ण कामगार अस्पृश्यांना त्या खात्यात येऊ देत नसत. १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. दोघेही त्याच भोंग्याला कामावर येणारे, पण एकाची वर जायची वाटच बंद. हे कुठल्या रकान्यात भरणार?

पुढे १९७९ मध्ये रॉबर्ट कॅरासेक या अमेरिकी अभ्यासकाने मांडलं की कामाचा रेटा जास्त आणि स्वतःच्या हातात काहीच नाही, तिथे ताण सर्वाधिक. ब्रिटनच्या सरकारी नोकरांच्या पाहणीतही हृदयविकाराने मरणाऱ्यांचं प्रमाण साहेबांपेक्षा खालच्या श्रेणीत जास्त निघालं.

आमच्या गोराईच्या खाडीपलीकडे २००९ पासून विपश्यना पॅगोडा आहे. मन शांत करायला लांबून लोक येतात, चांगलंच आहे. खाडीच्या अलीकडे बोरिवलीच्या बाजूला २००७ पर्यंत डम्पिंग ग्राउंड होतं. तिथे राबणाऱ्यांच्या मनाचं कुणी विचारलं? मुंबई महापालिकेच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना तर कायम होण्यासाठी सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं. निकाल लागला २०१७ मध्ये. उद्या काम असेल की नाही, या धास्तीला किती गुण देणार?

माझं म्हणणं साधं आहे. प्रश्न कामगाराच्या भाषेत विचारा, तोंडी विचारा, मुकादम समोर नसताना विचारा. रजा मागायची भीती वाटते का, जातीवरून, गावावरून काम ठरतं का, हेही विचारा. तुमच्या ऑफिसात असा फॉर्म आला, तर झाडलोट करणाऱ्या मावशींना आणि गेटवरच्या वॉचमनला तो दिलाय का, तेवढं बघा. आणि काय दिसलं ते इथे जरूर लिहा.